लोकनाथ मउसाची समान वाटणी

लोकनाथ मउसाच्या मेसमध्ये मासळीचं डोकं पाळीनं मिळतं. आज कालियाला, उद्या सनातनला, परवा आणखी कुणाला. मध्येच कुणी लाडात येऊन "मउसा, अंगात कणकण आहे रे, आजचं डोकं मला दे की" म्हणालं, तर मउसा कढईतून मान वर न काढता म्हणतो, "कणकण आहे तर रस्सा पी. डोक्याची पाळी ती पाळी." भाताला एकच वाडगं, डाळीला एकच पळी. गावाकडून, ओडिशातल्या गंजामहून, कुणी आंबे आणले तर मउसा विळीवर बसून इतक्या पातळ फोडी करतो की खाणाऱ्याला नुसता वासच मिळावा. पण मिळतो सगळ्यांना.

हे खूळ त्याच्या डोक्यात बसलं ते तो विशीत सुरतेला लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर, आला तेव्हा. त्या वेळच्या मेसमध्ये मालकाचे मेहुणे आधी जेवायचे. त्यांच्यापुढे मासे, याच्यापुढे माशाचं पाणी. पुढे लूमच्या पट्ट्यात याची दोन बोटं गेली, कारखाना सुटला, आणि त्यानं वेड रोडच्या मागच्या गल्लीत स्वतःची मेस काढली. पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "इथे माझा मेहुणा नाही, माझा भाचा नाही, माझा कुणी नाही. ताट सगळ्यांचं सारखं."

पुढे त्याचा एक आलाच. टुकुना, त्याच्या बायकोच्या बहिणीचा मुलगा. खरा मउसा, म्हणजे मावशीचा नवरा, लागतो तो टुकुनाचाच. बाकीच्यांनी हाक उसनी घेतलेली. टुकुनाच्या आईनं स्टेशनवर डोळे पुसत सांगितलं होतं, "भाऊजी, पोरगा तुमच्या ओटीत घातला." मउसानं होय म्हटलं, आणि सुरतेला आल्यावर त्यालाही तेच वाडगं लावलं.

या गल्लीत एक गोष्ट लपत नाही, ती म्हणजे गुपित. लूमच्या खडखडाटात वर्षं काढलेली माणसं निम्मी बहिरी. कानात सांगायचं म्हणजे कानात ओरडायचं. शिवाय दिवसपाळीवाले उठले की त्याच चटईवर रातपाळीवाले पडतात, त्यामुळे ऐकायला कुणी ना कुणी असतंच.

तर फाल्गुन सरता सरता टुकुना मउसाच्या कानाशी गेला आणि ओरडला, "मउसा, लघवीला जळतंय!"

"काय?"

"जळतंय! आणि पू येतोय!"

पत्र्याच्या भिंतीपलीकडे भांडी घासणं थांबलं.

मउसा शांतपणे म्हणाला, "उष्णता आहे. लूमसमोर उभा राहतोस ना. पखाळाचं पाणी पी." म्हणजे आदल्या दिवशीच्या भिजवलेल्या भाताचं आंबट पाणी. टुकुना तांबेच्या तांबे प्यायला. लघवीला जास्त वेळा जावं लागलं, एवढाच गुण आला.

टुकुनाची घाई वेगळी होती. गावी सुकांतीला, त्याच्या बायकोला, सातवा लागत होता. चैत्रात तिचं डोहाळजेवण, आणि पुरीच्या गाडीचं तिकीट निघालेलं. तो गेल्या वेळी घरी गेला होता त्यानंतर रविवारच्या सुट्टीत रेल्वे रुळांपलीकडच्या वस्तीत गेला होता, एकटा नव्हे, कालिया आणि आणखी दोघांबरोबर. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायचं नाही असं ठरलेलं. शेवटी तो एकटाच सरकारी दवाखान्यात गेला. तिथे एक इंजेक्शन मिळालं, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या गोळ्या मिळाल्या, आणि रक्त तपासायला पुन्हा या म्हणून सांगितलं.

गोळ्या त्यानं मसाल्याच्या फळीवर ठेवल्या. तिथे मउसाला दिसल्या.

दुसऱ्या दिवशी कालिया कुंथत कुंथत आला. "मउसा, मलाही तसंच होतंय रे. पण दवाखान्यात ती बाई विचारते, कुठे गेला होतात, कुणाबरोबर. मी काय सांगू? सिनेमाला?" त्याच्यामागे बाकीचे दोघं, मान खाली, हात पुढे.

मउसानं गोळ्या ताटलीत ओतल्या आणि वाटल्या. सगळ्यांना सारख्या. टुकुना कुरकुरला, "मउसा, त्या माझ्या आहेत."

"मासा तुझ्या ताटात पडला म्हणून तुझा होतो का रे? जळतंय चौघांना, खायचं एकानं?"

इंजेक्शन वाटता येत नाही म्हणून तेवढं वाचलं.

आणि काय सांगावं, चौघांनाही बरं वाटलं! टुकुनाचं जळणं तर बंदच झालं. कालिया नळावर गाणी म्हणायला लागला. मउसा मिशीतल्या मिशीत हसायचा, आणि कुणी विचारलं की म्हणायचा, "डॉक्टरला वाटायची अक्कल नसते."

टुकुनानं पिशवी भरली. सुकांतीसाठी साडी, आईसाठी छत्री. गाडीच्या आदल्या दिवशी कालिया नळावरून परत आला तो गाणं न म्हणता. भिंतीला टेकून उभा राहिला आणि मउसाच्या कानात ओरडला, "परत आलंय! पहिल्यापेक्षा जास्त!" बाकीच्या दोघांचंही तेच.

मउसानं तवा उतरवून ठेवला, अंगात सदरा घातला आणि स्वतः दवाखान्यात गेला. तिथे समजावून सांगायला दक्षाबेन असतात. चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं संथ, पण लूमवाल्यांशी बोलायची सवय असल्यामुळे आवाज थेट दारापर्यंत. मउसानं सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "काका, तुम्ही भात वाटता ना? पोट थोडं भरतं. इथे थोडं चालत नाही. अर्ध्या औषधानं रोग मरत नाही, दबतो, आणि पुढच्या औषधाला जुमानत नाही."

"पण आमच्या टुकुनाचं तर बंद झालं, बेन."

"बऱ्याचदा दोन रोग जोडीनं येतात. इंजेक्शन एकाचं, गोळ्या दुसऱ्याच्या. जळणारा गेला असेल. दुसरा न बोलता आत बसलेला असू शकतो. बायकांना तर पुष्कळदा काहीच जाणवत नाही. बायको पोटुशी आहे ना त्याची? तिला लागला, तर जन्मताना बाळाच्या डोळ्यांत, छातीत जातो."

मउसानं विचारलं, हा ताटातून लागतो का, चटईवरून, नळावरून? सगळी मेस एका चटईवर झोपते म्हणून त्याचा जीव खालीवर झालेला.

"नाही हो. शरीरसंबंधातून. निरोध वापरला तर धोका पुष्कळ कमी. आणि काका, उष्णतेनं नाही. नाहीतर सगळं सुरत आजारी पडलं असतं."

मउसा परत आला आणि म्हणाला, "टुकुना, तू उद्या जायचं नाहीस."

"काय?"

"जायचं नाहीस!"

"मला काही होत नाहीये! तिकीट आहे! डोहाळजेवण आहे! लोक काय म्हणतील, नवरा कुठे आहे?" टुकुनाचा आवाज चढला. "सगळं तुमच्या वाटणीनं झालं. मी पूर्ण घेतल्या असत्या तर आज मोकळा असतो."

 मउसा खाली बसला. म्हणाला, "होय. माझ्यामुळे. फोन लाव."

"कुणाला?"

"बहूला."

फोन लागला, आणि अर्थातच स्पीकरवर, कारण दुसऱ्या कशानं या दोघांना ऐकू येत नाही. उठलेली दिवसपाळी, झोपू पाहणारी रातपाळी, सगळे भोवती जमले.

"सुकांती, मी मउसा बोलतोय. टुकुनाला उशीर होईल."

"का? मालक सोडत नाही?"

मउसानं होय म्हटलं असतं तर खपलं असतं. त्यानं फोन टुकुनापुढे धरला. टुकुना छताकडे बघत राहिला.

"अहो, तिथे कुणी आहे का? का पंख्याशी बोलतेय मी?"

"मी आहे," टुकुना म्हणाला. "मला रोग झालाय. बाहेर गेलो होतो. औषध अर्धं झालंय. आलो तर तुला लागेल, बाळाला लागेल."

पलीकडे कोंबडा आरवला.

"बाहेर म्हणजे कुठे, ते आल्यावर सांगा," सुकांती म्हणाली. "माझ्या आईसमोर सांगायचं. जेवण माझं आहे, मी जेवीन. तुमचा पाट मांडणार नाही. औषध पूर्ण घ्या, आणि पाकीट रिकामं झालेलं मला दाखवायचं. नाहीतर माझं दार बंद." फोन ठेवला.

"बाई आहे की सुपरवायझर," कालिया पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी मउसानं चूल पेटवली नाही. रातपाळी भुकेली आली तर म्हणाला, "आधी दवाखाना, मग भात." चौघं तर गेलेच, सनातनही गेला, "मला काही नाही, नुसती एक जखम होती, न दुखता आली, न दुखता गेली" म्हणत. त्याच्या रक्तात सिफिलिस निघाला. जखम भरते, रोग रक्तात राहतो. पेनिसिलिनचं इंजेक्शन कमरेत बसलं तेव्हा सनातन सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडला. कालिया संक्रांतीनंतर घरी जाऊन आलेला, म्हणून दक्षाबेननी त्याच्या बायकोलाही तपासणी आणि औषध घ्यायला सांगितलं. एकानं घेऊन उपयोग नाही, पुन्हा एकमेकांकडून येतं.  टुकुनाच्या रक्तात एचआयव्ही आणि सिफिलिस निघाले नाहीत. काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलं. गोळ्या मात्र नव्यानं, पूर्ण, ज्याच्या त्याच्या.

मउसा रोज सकाळ-संध्याकाळ टुकुनासमोर उभा राहायचा. "गीळ. तोंड उघड. जीभ वर."

डोहाळजेवण टुकुनाशिवाय झालं. गोळ्या संपल्या, दक्षाबेननी आणखी थांबायला सांगितलेले दिवसही सरले, तेव्हा तो जनरलच्या डब्यात दाराशी उभा राहून गेला.

दोन दिवसांनी मउसाचा फोन वाजला. सुकांती होती.

"पोचलेत."

"आत घेतलंस का गं?"

"ओटीवर आहेत. आई विचारतेय, ते सांगताहेत. जोरात सांगताहेत, गावभर ऐकू जातंय."