पाय बघणारे मिस्त्री

"आधी पाय दाखवा," मिस्त्री म्हणाले, आणि शाळेत नखं तपासायला पोरं उभी करतात तशी आम्ही घरातली सगळी माणसं बोळात ओळीनं उभी राहिलो.

फरशी बसवायला आलेला माणूस. त्यानं माप घ्यावं, सिमेंट किती लागेल ते सांगावं, चहा प्यावा आणि जावं. हे गृहस्थ मात्र उकिडवे बसून एकेकाचे तळवे बघायला लागले. माझ्या नवऱ्याच्या टाचांच्या भेगांत हळद बसलेली होती, ती त्यांनी वाकून नीट पाहिली. माझ्या धाकट्या जावेनं लाजून पाय साडीत ओढून घेतले, तर म्हणाले, "लाजता काहून वहिनी? फरशीला तुमचं तोंड थोडंच बघायचंय."

आमचं घर वसमतजवळच्या कुरुंद्यातलं, हळद पिकवणाऱ्यांचं. समोरच्या दारातून आत शिरलं की एक लांब बोळ लागतो, तो थेट मागच्या अंगणात निघतो. दोन्ही अंगांना खोल्या. तुमच्याही घरात असा एखादा बोळ असेल, त्याच्याकडं कुणी कौतुकानं बघत नाही आणि त्याच्यावाचून कुणाचं चालतही नाही. पोरांच्या सायकली, हळदीची पोती, पाण्याचे हंडे, चिखलाचे पाय, सगळं तिथूनच जातं. आणि मागच्या न्हाणीकडं जाणाऱ्या माझ्या सासूबाईही तिथूनच जायच्या. काचबिंदूनं त्यांची नजर बरीचशी गेली होती, उरली होती ती धुरकट. बोळातला सिमेंटचा कोबा जागोजागी उखडलेला. त्यात दोनदा अडखळल्यापासून कुणाचा तरी हात धरल्याशिवाय त्या न्हाणीकडं जात नव्हत्या.

नवी फरशी घालायची ठरली तेव्हा निवड माझ्याकडं आली. मी शाळेत शिकवते, त्यामुळे मला सगळं कळतं असा घरात समज आहे, आणि खरं सांगायचं तर तो माझाही होता. जाऊ आणि मी वसमतच्या दुकानात जाऊन क्रीम रंगाची चकचकीत टाइल पसंत करून आलो. नमुन्याच्या दोन टाइल्स घरी आणल्या. त्यांत तोंड दिसतं म्हणून पोरं खूश, जाऊ खूश, मी तर फारच खूश.

मिस्त्रींनी त्यातली एक बोळाच्या मधोमध ठेवली आणि सासूबाईंना म्हणाले, "माय, जरा चालून दाखवा."

सासूबाई माझ्या लेकीचा हात धरून निघाल्या. टाइलजवळ आल्यावर थबकल्या, साडीचा घोळ वर उचलला आणि भिंतीला अंग चोरून बाजूनं जाऊ लागल्या. "इथं पाणी कुणी सांडलंय गं?" त्यांनी विचारलं.

टाइल कोरडीठाक होती. पोरं फिदीफिदी हसली. मी जरा चढ्या आवाजातच बोलले, "आई, पाणी नाही काही. नवी फरशी आहे ती." सासूबाईंचा चेहरा उतरला. "असंल बाई," त्या म्हणाल्या, "मला कुठं दिसतंय."

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा पंचा घेतला आणि ती कोरडी टाइल चांगली दोनदा पुसली. "पुसलं माय, या आता," म्हणाले. मग माझ्याकडं वळून हळूच बोलले, "मॅडम, अशा नजरेला चमक म्हणजे पाणीच दिसतंय. समदा बोळ असा केल्यावर मायनं रोज नदी वलांडायची काय?"

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"खाली बघूनच जिंदगी गेली आमची," एवढंच म्हणाले, आणि सासूबाईंकडं वळले. "माय, पाणी पिता का बराबर?"

हा काय फरशीवाल्यानं विचारायचा प्रश्न झाला? पण सासूबाईंनी त्यांना खरं उत्तर दिलं, जे आम्हाला कधीच दिलं नव्हतं. "कमीच पिते बाबा. प्यालं की उठावं लागतंय. उठलं की कुणाला तरी हाक मारावी लागतीय. सकाळी ज्याची त्याची गडबड असती."

डॉक्टर त्यांना पाणी वाढवा म्हणून बजावत होते, लघवीच्या जळजळीनं त्या हैराण होत्या, आणि मी दोन महिने त्यांच्यावर चिडत होते की हट्टी आहात, सांगितलेलं ऐकत नाही. तांब्या उशाशी भरून ठेवायचे, तो तसाच असायचा. तो तसाच का राहतो, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

टाइल रद्द झाली. आता दुसरं काय घालायचं? मिस्त्रींनी चार-पाच जातींचे तुकडे आणले, हळद पाण्यात कालवून प्रत्येकावर फासली आणि म्हणाले, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी धुतल्यावर फिक्या रंगाच्या सगळ्या तुकड्यांना पिवळे डाग राहिलेले. करड्या शहाबादी फरशीवर डाग होता की नव्हता, ते शोधावं लागलं. "हळदीच्या घराला हीच," त्यांनी निकाल दिला. "वरून पॉलिश मारायचं न्हाई. वल्ला पाय बसला पायजे."

जाऊ रुसली. "शहाबादी तर आमच्या माहेरी गोठ्यात आहे," ती म्हणाली. तिचंही चुकत नव्हतं, चकचकीत घराची हौस कुणाला नसते. मिस्त्रींनी तिची समजूत काढायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "वहिनी, तुमची चमक भितीला लावून देतो. भितीवर कोनी चालत न्हाई," म्हणाले. आणि खरंच बोळाच्या भिंतींना कमरेइतक्या उंचीपर्यंत ती क्रीम टाइल लावून दिली. येता-जाता पोरांचे हळदीचे हात लागतात, फडक्यानं पुसलं की निघतात. जाऊ आता पाहुण्यांना सांगते की ही कल्पना तिची.

फरशी बसली. बोटाच्या पेरानं ठोकून, कान लावून, पोकळ आवाज येतो का ते मिस्त्रींनी एकेक फरशी तपासून पाहिलं. काम संपलं असं आम्ही धरून चाललो होतो, तर आठ दिवसांनी, सिमेंट पक्कं धरल्यावर, ते छिन्नी-हातोडी घेऊन पुन्हा हजर. सासूबाईंना म्हणाले, "माय, पाट्याला टाकी लावायला बायका यायच्या, आठवतंय?"

"आठवतंय की. नीट लावली नाही तर मसाला वाटला जात नव्हता."

"तशीच टाकी लावतो. बसा हितं."

सासूबाईंच्या खोलीपासून न्हाणीपर्यंत, डाव्या भिंतीच्या कडेनं, वीतभर रुंदीची एक पट्टी त्यांनी छिन्नीनं टोचायला घेतली. पाटा खरबरीत करतात तसे बारीक बारीक खड्डे. दोन दिवस घरभर टकटक. मी नव्या कोऱ्या फरशीची ती दशा बघून मनातल्या मनात चरफडत होते. प्रत्येक फरशी झाली की ते सासूबाईंना अनवाणी उभं करायचे. "टोचतं?" "थोडं." मग दगडानं घासून धार बोथट करायचे. "आता?" "आता कळतंय, टोचत नाही." खोलीच्या आणि न्हाणीच्या दारापुढच्या फरशीवर त्यांनी खड्ड्यांच्या आडव्या रेघा काढल्या. "आडवं लागलं की दार आलं, माय. ध्यानात ठेवा."

त्यांनी सासूबाईंना एकटं चालायला लावलं तेव्हा मी दोन्ही हात पुढं करून मागं मागं निघाले. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, तुमी हितंच थांबा. मागं कोनी असलं की मानसाला वाटतंय आपुन पडनारच."

मी थांबले. सासूबाईंचं डावं पाऊल चाचपडलं, पट्टीवर आलं, मग उजवं. अंधारात जिना उतरावा तशा सावकाश त्या गेल्या. आडव्या रेघा लागल्यावर थांबल्या, हात पुढं केला तर दार हाताला लागलं. आत गेल्या आणि आतून कडी लावली. कितीतरी महिन्यांनी त्यांनी ती कडी लावली होती. आतून आवाज आला, "बाहेर कुणी उभं राहू नका." आम्ही सगळे पसार झालो. मिस्त्री तेवढे पंच्यानं तोंड पुसत बसले होते.

त्या दिवसापासून उशाचा तांब्या रिकामा होऊ लागला. जळजळ थांबली. त्यांच्या आवाजातली ती सारखी विनवणी गेली आणि जुनी जरब परत आली, पुन्हा माझ्या भाजीत मीठ कमी निघू लागलं. मला त्याचा इतका आनंद झाला की काय सांगू.

मिस्त्री पुढं अधूनमधून येत राहिले. कामाचं काही नसायचं. दारात चप्पल काढून आधी बोळावर नजर टाकायचे, मग "माय, पाणी चालू हाय ना बराबर?" एकदा वसमतच्या बाजारात मी त्यांना हाक मारली, तर आधी माझ्या पायांकडं बघितलं आणि मग म्हणाले, "हां, मॅडम." दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले, काम सुटलं, येणंही थांबलं. जाऊन यायला हवं, असं मी दर सुट्टीत म्हणत राहिले.

गेल्या महिन्यात ते गेल्याची बातमी आली. सासूबाईंनी गाव सोडून कुठं जायचं केव्हाच बंद केलं होतं. पण त्या लुगडं बदलून बसल्या. "मला घेऊन चल. त्या माणसानं माझी लाज राखली," म्हणाल्या.

मिस्त्रींचं घर वसमतला एका अरुंद गल्लीत आहे. त्यांच्या सुनेनं दार उघडलं. आत एकच लांबट खोली, जमिनीला साधी शहाबादी, पलीकडच्या टोकाला खाटेवर त्यांची बायको बसलेली. "कोन आलंय?" तिनं विचारलं, पण तिचं तोंड खिडकीकडं होतं.

"अम्मींना दिसत न्हाई," सून मला हळूच म्हणाली. "माझ्या लग्नाच्या आधीपासून."

मी सासूबाईंचा हात धरायला वळले, तर त्या चप्पल काढून केव्हाच आत गेल्या होत्या. त्यांचं डावं पाऊल भिंतीच्या कडेला सरकलं आणि तिथं थांबलं. मी खाली पाहिलं. वीतभर रुंदीची टोचलेली पट्टी, दारापासून खाटेपर्यंत, वर्षानुवर्षांच्या चालण्यानं गुळगुळीत होत आलेली. आमच्या बोळात त्यांनी जे केलं, ते कितीतरी आधी इथं केलेलं होतं, आणि आम्हाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

सासूबाई त्या पट्टीवरून निघाल्या. पलीकडून मिस्त्रींची बायको उठून त्याच पट्टीवरून यायला लागली होती. दोघींपैकी एकीचाही हात भिंतीला नव्हता. खोलीच्या मध्यावर एकीचं पाऊल दुसरीच्या पावलाला लागलं, तेव्हा दोघी थांबल्या.