लोखंडाचा गोळा आधी पडला

शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून राबणाऱ्या बाईंना मुले ‘मावशी’ म्हणत आणि विज्ञानाचे मास्तर ‘ए मावशी’ म्हणत. चौदा वर्षांच्या नोकरीची सारी किंमत त्या एका ‘ए’मध्ये आली. परीक्षानळ्या धुणे, भिंगे पुसणे, आणि सातवीला गुरुत्वाकर्षण शिकवायची वेळ आली की गच्चीवर चढून दोन गोळे खाली टाकणे, ही त्यांची कामे. गोळे आकाराने सारखे. एक लोखंडाचा, दुसरा लाकडाचा. मास्तर पटांगणात वर्गासह उभे राहून शिट्टी वाजवत आणि मावशी दोन्ही मुठी एकदम उघडत.

शिट्टीखेरीज मास्तरांच्या हाती मीटरपट्टी असे. तिने त्यांनी कधी काही मोजल्याचे कुणाच्या पाहण्यात नव्हते. विज्ञान डोक्यात शिरते ते तळहातावाटे, अशी त्यांची पक्की धारणा होती. पालकांनाही त्यात वावगे वाटत नसे. उलट, हात राखू नका, असे बजावून ते निश्चिंत मनाने घरी जात.

त्या वर्षी प्रयोगाच्या चार दिवस आधी नवऱ्याने भांडणाच्या भरात मावशींचा उजवा हात चौकटीवर दाबून धरला आणि दार लोटले. दोन बोटे काळीनिळी पडली, मूठ वळेना. शाळेत त्यांनी याविषयी चकार शब्द काढला नाही. त्यांची नेमणूक दर वर्षी नव्याने होई आणि तो कागद त्याच आठवड्यात मास्तरांच्या शिफारशीसाठी जायचा होता. मोडक्या हाताची बाई कोण ठेवून घेणार?

शिट्टी वाजली. डावी मूठ उघडेपर्यंत उजव्या हातातला लोखंडाचा गोळा निसटून निम्म्या वाटेवर पोहोचला होता. खाली मास्तरांची नजर गोळ्यांवर नव्हतीच, वर्गावर होती; उत्तर त्यांना तीस वर्षांपासून पाठ होते. काय दिसले, असे त्यांनी विचारताच चाळीस मुलांनी एका सुरात सांगितले की दोन्ही एकदम पडले.

“लोखंडाचा आधी पडला,” गवंड्याची मुलगी म्हणाली.

मास्तरांनी तिला हात पुढे करायला लावला. पहिल्या चार फटक्यांचा आवाज गच्चीपर्यंत स्वच्छ पोहोचला. मग त्यांनी गोळे वर पाठवून प्रयोग पुन्हा करायला सांगितला. मावशींनी दात आवळून बोटे दाबली. पण बधिर बोटांना कोण काय सांगणार? लोखंड पुन्हा आधी गेले. मुलीनेही पुन्हा तेच सांगितले, या खेपेला रडत. मास्तरांनी तिची वेणी मनगटाला गुंडाळून तिला खाली वाकवले आणि पाठीवर, मानेवर, जिथे बसेल तिथे पट्टी चालवली. पुस्तकात काय लिहिले आहे, असे ते दर फटक्याला विचारत होते. पुस्तकातले तिला तोंडपाठ होते, पण तिला विचारले होते ते काय दिसले एवढेच. एक फटका आडवा बसला, भुवई फुटली आणि अर्धा चेहरा रक्ताने भरला. चाळीस मुले आपापल्या पायांकडे पाहत उभी राहिली.

वर मावशींना कुणी पाहत नव्हते. पाण्याच्या टाकीआड बसून राहिल्या असत्या तरी चालले असते. या खेपेच्या पाचव्या की सहाव्या फटक्याला त्या जिन्याकडे धावल्या.

“सर, सोडा तिला. पोर खरं बोलतेय. माझा हात निकामी झालाय, गोळा माझ्याच हातून आधी सुटला.”

मास्तरांनी वेणी सोडली. मावशींचा उजवा हात धरून त्यांनी सुजलेली बोटे दाबून पाहिली, पेरू पिकला की नाही ते पाहावे तशी. मावशी गुडघ्यांवर आल्या.

“आणि हे तू मला आत्ता सांगतेस? उद्यापासून येऊ नकोस.”

मुलीने जमिनीवरचे दोन्ही गोळे उचलले आणि कुणाला न विचारता जिना चढली. मास्तर ओरडले, पण वर गेले नाहीत. ती कठड्याशी आली. भुवईचे रक्त डोळ्यात उतरत होते, ते तिने खांद्याला पुसले. दोन्ही हात बाहेर काढून तिने मुठी उघडल्या, शिट्टीची वाट न पाहता. मास्तर दोन पावले मागे सरले. जिथे ते उभे होते तिथे दोन्ही गोळे आदळले. आवाज एकच झाला.

“आत्ता एकदम पडले,” ती वरून म्हणाली.

मास्तरांनी वर्गाकडे वळून पट्टी उंचावली. “पाहिलंत? मी पहिल्यापासून काय सांगत होतो?”

चाळीस मुलांनी होकारार्थी माना डोलावल्या. मावशी भिंतीला धरून उठल्या. भुवईला टाके पडणार होते, हे खालूनही दिसत होते. दवाखाना चौकापलीकडे होता. मुलगी खाली येताच त्यांनी डाव्या हाताने तिचे मनगट धरले, तिचा तळहात सुजला होता म्हणून. फाटक उघडायला त्यांनी कुणाची परवानगी मागितली नाही.