आबांचा उजवा हात

तासगावच्या जत्रेत, तंबू सिनेमाच्या दारात मालकाने माझ्यासाठी खुर्ची पुसली आणि माझ्या वडिलांना, आबांना, काठीने मागची वाट दाखवली.

"तुमी शिकल्यालं, डायरेक्टर हाय. तुमी फुडं बसा. म्हाताऱ्यानं पडद्यामागं जावं. मांगवाडा तितंच बसतो."

चित्र माझं होतं. कोल्हापूरच्या एका स्टुडिओत मी सात वर्षं चकाकते पत्रे धरून नटांच्या तोंडावर ऊन पाडलं. महायुद्धामुळे कोरी फिल्म मिळत नव्हती. उरलेले तुकडे जमवून, उसन्या कॅमेऱ्यावर मी हे एवढंच काढलं. रंगवलेले महाल नाहीत. दिवे नाहीत. जतच्या माळावरचं ऊन, आणि हलगी वाजवत चालणारे आबा. कॅमेरा जमिनीलगत ठेवला होता. स्टुडिओतले म्हणाले, "खड्ड्यात बसून काढलंस काय रं?" आमची माणसं जन्मभर उंबऱ्याबाहेर बसून जग बघतात. त्यांच्या डोळ्यांची उंची तेवढीच.

आवाज भरायचं यंत्र माझ्याजवळ नव्हतं. म्हणून पडद्याशेजारी उभं राहून आबाच हलगी वाजवणार होते. सकाळी दवंडीही त्यांनीच दिली होती. "माझ्या ल्येकाचं पिच्चर हाय. समद्यांनी या."

आता तंबूच्या दारात आबांनी माझ्याकडे पाहिलं. "बस लेका खुर्चीवर. आवाज काय, मागनंबी येतो."

मी बसलो. हे लिहिताना हात थांबतो. मी बसलो.

पडदा म्हणजे ओलं केलेलं पांढरं कापड. चित्र मागूनही दिसतं, पण उलटं. उजवं ते डावं. पडद्यावर आबांनी टिपरू उचललं, मागून हलगी सुरू झाली. थोडा वेळ दोन्ही जुळलं. मग हलगी अडखळली. थांबली. पुन्हा चुकली. खुर्च्यांवरची माणसं हसायला लागली.

"म्हातारं प्यालंय जनू."

लग्नात, मयतीत, जत्रेत आबांचा ताल चुकलेला कुणी ऐकला नव्हता.

खेळ संपल्यावर मी मागं गेलो. कापडाचं पाणी गळून चिखल झाला होता. आबा त्यातच बसले होते. हलगी मांडीवर.

"पडद्यातला मी डाव्या हातानं वाजवत हुतो रं. त्याच्या संगं जायला गेलो, आन् माझाच हात इसरलो." हसायला गेले, जमलं नाही. "मी डावखुरा कवा झालो?"

दुसऱ्या दिवशी मालकाने पुढच्या खेळासाठी फिल्मची पेटी मागितली.

"पडदा भिंतीला लावा," मी म्हणालो. "सगळे एकाच बाजूला बसतील. मग देतो."

"गाव माझा तंबू जाळंल."

"मग खेळ नाही."

पेटी मी डोक्यावर घेतली. आबा मागून चालत होते. वाटेत त्यांनी हलगीला हात लावला नाही. पुढंही कधी लावला नाही. त्याच वर्षी थंडीत ते गेले. पडद्यावरचा आपला उजवा हात उजवाच दिसलेला त्यांना बघायला मिळाला नाही.

ते चित्र मी अजून दाखवतो. गावात शिरलो की आधी भिंत शोधतो. बहुतेक वेळा ती आमच्याच वस्तीत सापडते, चुना दिलेली. पडदा तिला पाठ टेकून लागतो. त्याला मागची बाजू उरत नाही. ज्याला बघायचं आहे त्याने तिथं यावं आणि जमिनीवर बसावं. हलगी वाजत नाही. आबा मुक्यानेच चालतात.

खुर्ची मी ठेवत नाही. स्वतःलाही नाही.