कान्ह्याच्या खापरावर इंजिनाची परीक्षा

पुण्याहून लोणावळ्यास मोटारीने जाण्याचे ठरले, तेव्हाच पत्नीने अट घातली: ही जुनी गाडी वाटेत बिघडली, तर परतताच विकायची. मी मान्य केले. निघताना पट्टी बुडवून इंजिनातील तेल पाहिले. वरच्या खुणेस बरोबर टेकले होते.

वडगावपर्यंत रस्ता चांगला. तेथील कांदाभजी गरम असतील तरच घ्यावीत. रेडिएटरमध्ये मात्र शेरभर पाणी घालावे लागले, आणि गाडीखालची जमीन तर कोरडी होती. पुढे कान्हे गावी चहाला थांबलो, तेव्हा पुन्हा शेरभर. तेल खुणेच्या बोटभर वर चढलेले पाहून, कबूल करतो, मला क्षणभर समाधानच वाटले.

चहावाल्या मावशींनी पट्टी निरखली. "आवं सायेब, ह्ये त्याल न्हाई, ताक हाय."

फेस असेल, असे मी म्हणालो.

"लोणी कढवताना तडतडतंय तंवर त्यात पाणी असतंय. थेंब टाकून बघा की. खापर देते, भाकरीचा तवा न्हाई द्यायची."

खापर चुलीवर तापवले. आधी डब्यातील कोरे तेल टाकले: नुसता धूर. मग इंजिनातील थेंब टाकला. तो तडतडून उडाला. पाणी तेलात उतरत होते. इंजिन आणखी चालवले असते, तर बेअरिंगे संपलीच असती. पत्नीस मावशींजवळ बसवून मी लॉरीने लोणावळ्यास गेलो.

तेथील गॅरेजचे इस्माईल मिस्त्री, पाणी कमी होते एवढे ऐकूनच, रेडिएटरच्या गळतीला डाग देण्याचे सामान घेऊन निघाले होते. मी खापराची हकीकत सांगून इंजिनाच्या हेडखालचे गॅस्केट आणि ताजे तेल घ्यायला लावले. वाटेत त्यांनी बजावले, "हेडला तडा असेल तर इलाज नाही, साहेब. गाडी भंगारात."

हेड उघडले. पाण्याची वाट आणि सिलिंडर यांमधला गॅस्केटचा पट्टा जळाला होता. मिस्त्रींनी हेडला रॉकेल लावून पुसले, खडू फासला आणि वाट पाहिली. ओली रेघ कुठेही उमटली नाही.

"तडा नाही. साहेब, गॅरेज तुम्ही चालवा, मी इथं चहा विकतो."

"मंग म्या कुटं जाऊ?" मावशींनी विचारले.

तेल दोनदा बदलून निघालो. दिवेलागणीस लोणावळा, सकाळी खंडाळ्याचा घाट. चढावर गाडीने एकदाही धापा टाकल्या नाहीत. परतीच्या सबंध वाटेवर पाणी घालावे लागले नाही.

विक्रीचा विषय पुन्हा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी पत्नी शेजारणीस सांगत होती, "मिस्त्रीच्या आधी आम्हीच ओळखलं." त्या 'आम्ही'वर मला हरकत घेता आली असती. मी घेतली नाही.