साताऱ्यातलं माझ्या नावाचं घर

हे घर माझ्या नावावर आहे. कागदावर माझा फोटो आहे, अंगठा आहे आणि शेजारी सहीसुद्धा आहे. मी चौथीपर्यंत शिकले, सही मला चांगली येते. बाईच्या नावावर घेतलं तर सरकारी खर्चात थोडी सूट मिळते, असं मुलगा म्हणाला होता. पण घर माझ्या नावावर झालं म्हणजे ते मी घेतलं असं नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे. बोलून कुणाला सांगणं मला जमलेलं नाही.

मुलगा पुण्यात नोकरीला होता. मागच्या उन्हाळ्यात त्याला जर्मनीत काम मिळालं. सून आणि नात पण जाणार होत्या. त्याच महिन्यात मला शेळ्यांना पाणी पाजताना चक्कर आली आणि मी दावणीपाशी पडले. जाऊबाईने उचलून आणलं. मुलगा त्याच दिवशी पुण्याहून माण तालुक्यातल्या आमच्या वाडीला आला आणि माझ्या पायाशी बसून म्हणाला, तू इथं एकटी असताना मी तिकडं कसा जाऊ?

एकटी तर मी लग्न झाल्यापासूनच होते. मालक मुंबईला गोदामात कामाला होते, यात्रेला आणि दिवाळीला यायचे. तेव्हा मला कुणी एकटी म्हणालं नाही. हे उत्तर मला तीन दिवसांनी सुचलं. माझी उत्तरं अशीच उशिरा येतात.

तोवर त्याने साताऱ्यात रो हाउस बघितलं होतं. शहराच्या कडेला नवीन कॉलनी, एकाला एक लागून बारा घरं, सगळी सारखी. खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. वरच्या खोल्यांत त्यांचं पुण्याचं सामान राहणार, खाली मी. सुनेचं माहेर तिथून जवळ, दवाखाना तर चालत जाण्यासारखा. सून मला हाताला धरून सगळं दाखवत होती. बाहेरचा रंग कैक वर्षं द्यायला नको, खिडक्या सरकवल्या की झालं, अंगणात भिंतीपर्यंत फरशी, त्यामुळं गवत नाही, चिखल नाही.

"आई, तुम्हाला काही म्हणजे काही करायला लागणार नाही," ती म्हणाली. मायेनंच म्हणाली. मी फरशीकडं बघत राहिले. सकाळी उठून करायचं काय, हे विचारायचं होतं, पण ती एवढी खूश होती.

शेळ्यांचं मुलानेच विचारलं. कॉलनीच्या माणसाने हसून सांगितलं, जनावर चालत नाही, मावशींना फुलझाडाच्या कुंड्या ठेवू द्या की. पाच शेळ्या जाऊबाईकडं जायच्या ठरल्या. ती मला चिडवायची, "आक्का आता साताऱ्याच्या म्याडम हुणार. आमाला वळखशीला न्हवं?"

आमच्याकडं जमीन घ्यायची असो की सोयरीक जुळवायची, देवाचा कौल घेतल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. मीच मुलाला म्हणाले, घराचं देवाला विचारू. तो शिकलेला, नको म्हणेल असं वाटलं होतं, पण लगेच तयार झाला. मला बरं वाटलं. जे मला बोलता येत नाही ते देव बोलेल, असा माझा हिशेब होता. चार दिवस धार काढताना मी प्रश्न पाठ करत होते. देवा, मी माझं घर सोडून जाऊ का?

रविवारी वाडीच्या देवळात गेलो. मुलगा, सून, दीर, जाऊबाई आणि पायरीवर बसलेली गावातली चारपाच माणसं. गुरवाने दोन फुलं ओली करून देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. मग तो माझ्याकडं वळला.

"बोल बाई, काय इचारायचं?"

मुलगा हात जोडून माझ्याकडं बघत होता. मी तो प्रश्न मोठ्याने विचारला असता, तर मला जायचं नाही हे त्याला तिथंच चार माणसांत कळलं असतं.

"पोराचं भलं हुईल का, एवढंच इचारा," मी म्हणाले.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. ते पुरं व्हायच्या आत उजवं फूल पडलं. माणसं म्हणाली, लगेच दिला, चांगला कौल दिला. मुलाचे डोळे भरले. त्याने विचारलं, "आई, आता तुझ्या मनात काही राहिलं नाही ना?" मी नाही म्हणाले.

एका कामाचा कौल दुसऱ्यांदा मागत नाहीत. माझं काम वेगळं होतं, पण ते मलाच ठाऊक. घरी येताना जाऊबाईला तेवढं सांगितलं. ती वाटेत थांबली. म्हणाली, "मग तवाच का न्हाई बोललासा?" मी पुढं चालू लागले.

त्यानंतर एकदा संधी आली होती. साताऱ्याच्या कचेरीत साहेबांनी विचारलं, मावशी, कागद वाचून दाखवला का, सगळं मान्य आहे ना? मागं रांग होती. मुलगा रजा काढून आला होता. मी "व्हय" म्हणाले आणि कॅमेऱ्याकडं बघितलं. त्या फोटोत माझा पदर नीट आहे, बाकी चेहऱ्यावरून काही कळत नाही.

पोरं जर्मनीला गेली त्याला आता चार महिने झाले. मुलगा फोनवर दिसतो. करमतं का विचारतो. मी करमतंय म्हणते. शेजारच्या निवृत्त बाई रोज चौकशी करतात. घराला खरंच काही करावं लागत नाही. झाडून होतं, भांडी होतात, मग नऊ वाजलेले असतात.

मागच्या आठवड्यात पिशवीत दोन साड्या घातल्या आणि दहिवडीची एसटी धरली. पुढं जीपने वाडीवर गेले. कुणाला कळवलं नव्हतं. राहायलाच आले आहे, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं.

जाऊबाईने खुर्ची आणून दिली. त्या ओट्यावर मी जन्मभर खाली बसले आहे. माझ्या खोलीत कांदा पसरला होता. ती ओशाळली. "येणार म्हणलं असतं तर काढलं असतं की," म्हणाली. राहू दे म्हणाले, आणि कांदा निवडायला बसले. तर तिने हात धरला. "ऱ्हाऊ द्या आक्का, लुगडं खराब हुईल."

जेवताना दिराने विचारलं, परतीची गाडी किती वाजता? माझ्या काळजीनेच विचारलं, शेवटची एसटी चुकली तर हाल होतात. मी साडेतीनची म्हणाले.

निघताना जाऊबाईने बाजरीचं पीठ बांधून दिलं. ते ठेवायला तिने पिशवी उघडली आणि साड्या बघितल्या. माझ्याकडं बघितलं. साड्यांवर पीठ ठेवून तिने पिशवीचे बंद बांधले.

"येत जावा आक्का," ती म्हणाली.

"तुमीबी या साताऱ्याला," मी म्हणाले.