न उघडलेली फाईल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. बाकीच्या फजित्या मीच रंगवून सांगतो — महाडच्या कोर्टात अर्धा तास विरुद्ध पक्षकाराच्या बाजूने बोललो, तीसुद्धा. पण ही फजिती? हिला वास येतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुंबईत चर्चासत्राला गेलो होतो. विषय — देशादेशांतले गुंतवणुकीचे करार कसे सुधारायचे. या करारांच्या जोरावर परदेशी कंपनी सरकारलाच परदेशी लवादापुढे खेचते म्हणे. एक म्हणाला, करारच मोडा. दुसरा म्हणाला, लवादाच्या निकालावर अपील ठेवा. तिसरा — पाणी, आरोग्य जपायचा सरकारचा हक्क करारातच लिहा. जेवणानंतर मी झोपलो. पण तिथे वाटलेली फाईल आणली, आणि महाड-पोलादपुरात करारतज्ज्ञ म्हणून मिरवू लागलो!

सावित्रीकाठी एक गाव. शेजारच्या परदेशी कारखान्याला वाढीसाठी ग्रामपंचायतीचा दाखला हवा होता. कारखान्याचं पाणी नदीत, नदीचं विहिरीत. दाखला द्यायचा नाही, असा ठराव ग्रामसभेत आला. मला विचारलंही नव्हतं — तरी मी उठलो. म्हणालो, तुमच्या ठरावापायी कंपनी देशाला लवादापुढे उभं करेल. सभा गार. ठराव पुढच्या सभेवर गेला.

एवढंच असतं तर हसून सांगितलं असतं. पण आठवड्याने फाईल उघडली. आत भारताशी करार झालेल्या देशांची यादी. कंपनीचा देश त्यात नव्हताच. ज्या कराराने गाव घाबरवलं, तो करारच नव्हता!

मग गावाला सांगितलं? — सांगितलं असतं, तर तज्ज्ञ कोण उरला असता?

पुढच्या सभेआधी सरपंच पार्वतीबाईंनी घरी बोलावलं. "वकीलसाहेब, गुरं पन तोंड लावीत नाय त्या पान्याला. काय मार्ग हाय का?"

मार्ग होता. ती यादी खिशातच होती. मी मात्र चर्चासत्रातले ते तीन पंथ ऐकवले — मोडा, अपील ठेवा, हक्क लिहा — आणि म्हणालो, जगातल्या शहाण्यांचं एकमत होऊ दे, तोवर दाखला अडवू नका. त्यांनी मान डोलावली. पुढच्या सभेत दाखला मंजूर झाला.

पण किळस येते ती याचीही नाही. त्या दिवशी पार्वतीबाईंकडे चहा आला होता. पाणी कुठल्या विहिरीचं, मला ठाऊक होतं. त्या आत वळल्या तसा मी कप पडवीखालच्या अबोलीत ओतला.

बाहेर येऊन त्यांनी रिकामा कप पाहिला. खूश झाल्या.

"अजून देऊ, वकीलसाहेब?"