माझ्या अक्षरातली पिवळी पिशवी

आई एमआयडीसीच्या कुंपणामागच्या नाल्याकडून शेळ्यांसाठी गवताचा भारा घेऊन आली, तेव्हा मी ड्यूटीवरून नुकतीच घरी परतले होते. भारा टाकून ती ओट्यावर बसली.

"काय नाय गं, काटा भरलाय. काढ जरा."

मी तिची टाच हातात घेतली. तो काटा नव्हता. चपलेच्या रबरातून आरपार आलेली इंजेक्शनची सुई होती.

बोईसरच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी अकरा वर्षं नर्स होते. सुई टोचली तर काय करायचं, हे नव्या मुलींना मीच शिकवायची. साबणाने जखम धुतली, आईला रिक्षात घातलं आणि पालघरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, सगळं स्वच्छ निघालं. तरी एचआयव्ही होऊ नये म्हणून महिनाभराच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी तिला इतकं मळमळायचं की भाताचा वास आला तरी ती उठून बाहेर जायची.

दुसऱ्या दिवशी मी नाल्याकडे गेले. गवतात हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या फाटून पडल्या होत्या. रक्ताने कडक झालेला कापूस, सलाईनच्या नळ्या, सुया. एका पिशवीवरचं लेबल अजून वाचता येत होतं. हॉस्पिटलचं नाव, वॉर्ड, तारीख. अक्षर माझं होतं.

तो आठवडा मला लख्ख आठवला. वापरलेल्या सुया टाकायचे जाड पांढरे डबे संपले होते. दोनदा मागणी केली, आले नाहीत. शेवटी मीच मुलींना म्हटलं होतं, "राहू दे, पिशवीत टाका."

पिशवी घेऊन मी डॉक्टरांसमोर उभी राहिले. ते हॉस्पिटलचे मालकही होते.

"कचऱ्याची गाडी आठवडाभर आली नाही," ते म्हणाले. "एका टेम्पोवाल्याला दिलं. तो कुठे टाकतो, ते मला काय माहीत?"

"सर, माझ्या आईला टोचलीय ती सुई."

कचऱ्याचं रजिस्टर माझ्याकडे फिरवत ते म्हणाले, "सिस्टर, 'कचरा गाडीला दिला' या ओळीपुढे सही तुमची आहे. तक्रार कराल तर आधी तुम्हालाच विचारतील."

सही माझीच होती. सगळ्या रकान्यांत रोज करायची तशीच, न बघता केलेली.

तरीही मी तक्रार लिहिली. डब्यांचं, सहीचं, सगळं लिहिलं. पालघरच्या आरोग्य कार्यालयात मला सांगितलं, हे प्रदूषण मंडळवाल्यांचं काम. प्रदूषणवाले म्हणाले, जागा कोणाची ते आधी ठरवा. ग्रामपंचायतीत म्हणाले, जागा आमची नाय. दरम्यान कोणीतरी जेसीबी आणून नाल्याकाठी माती लोटली. मग मला कागद आला, 'स्थळ पाहणीत कचरा आढळून आला नाही. तक्रार निकाली.' हॉस्पिटलने मला कामावर येऊ नका म्हणून सांगितलं.

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीत आईच्या रक्तात काविळीचा विषाणू सापडला. हिपॅटायटिस सी. सरकारी डॉक्टर चांगले होते. "औषध आहे याच्यावर," ते म्हणाले. मी विचारलं, सुईमुळेच ना? "बहुधा. पण लिहून कसं देऊ? ती सुई कुणाला टोचलेली होती, कोण सांगणार?"

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. पिशवी माझ्या वॉर्डातली होती, सुया माझ्या सांगण्यावरून त्यात गेल्या. ती भिंतीला टेकून ऐकत होती. डोळे पिवळे दिसत होते की मलाच तसे वाटत होते, कळेना.

"तुला ठावं व्हतं, ती पिशवी कुटं जाती ती?"

"नाही."

"इचारलं व्हतंस?"

ती उठली आणि शेळ्यांना पाणी ठेवायला गेली. तिची औषधं अजून चालू आहेत. नाल्याकाठी लोटलेल्या त्या मातीवर आता गवत आलंय, आणि शेजारच्या बाया तिथे विळे घेऊन जातात. मी रोज त्यांना अडवते. एक-दोघी ऐकतात. बाकीच्या विचारतात, "मग गवत कुटनं आणू, तूच सांग."